हापूस विकणाऱ्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ

देवगड-रत्नागिरीहून थेट हापूस विकणाऱ्या बागायतदाराचे संकेतस्थळ गिऱ्हाईक बहुधा मोबाइलवरच उघडते. म्हणून मुखपृष्ठ खाली न सरकवता दिसणाऱ्या भागातच पेटीत किती डझन, आजचा भाव काय आणि कोणत्या शहरांत घरपोच मिळेल, एवढे स्पष्ट लिहून त्याखाली मागणी नोंदवण्याचे एकच ठळक बटण ठेवावे. आपोआप सरकणारी छायाचित्रे निव्वळ शोभेची. त्याऐवजी आपल्याच बागेतल्या, पेंढ्यात आंबे रचलेल्या पेटीचे एक छायाचित्र, फाइलचा आकार कमी करून, लावावे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरता येण्याची कायदेशीर नोंदणी) मिळाले आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते असाल तर नोंदणी क्रमांक भावाशेजारीच द्यावा. घराण्याचा इतिहास आतल्या पानावर खुशाल असू द्या. हंगाम संपताच मात्र जुना भाव काढून तिथे आंबापोळी किंवा पुढील वर्षाची आगाऊ नोंदणी दाखवावी.