पॅराफिन ब्लॉकमधून डीएनए काढताना : मॉलिक्युलर लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

कॅन्सरच्या मॉलिक्युलर लॅबमध्ये पहिली नोकरी लागली की बहुतेकांच्या वाट्याला आधी पॅराफिन ब्लॉकमधून (फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या ऊतकाच्या वडीतून) डीएनए काढायचं काम येतं. एम.एस्सी.ला रक्तातून डीएनए काढलेला असतो, अल्कोहोल घातल्यावर पांढरे तंतू वर येताना पाहिलेले असतात. ब्लॉकमधून असं काही दिसत नाही. हाती येतात ते बहुतांशी शंभर ते तीनशे बेसचे तुकडे, आणि त्यांच्यावर फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाला ईजीएफआरची (त्या जीनमधल्या बदलावर चालणारी) गोळी सुरू करायची की नाही हे ठरतं. म्हणून किती डीएनए मिळाला याच्याइतकंच, किंबहुना जास्त, त्यातला किती पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) चालेल हे इथे महत्त्वाचं.

नुकसान बरंचसं ब्लॉक तुमच्याकडे येण्याआधीच झालेलं असतं. ऊतकाचा तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, आपल्या आकारमानाच्या किमान दहापट द्रवात, ६ ते ७२ तास राहिला असेल तर ठीक. एक लिटर बफर्ड फॉर्मॅलिनला बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम लागतं. बफर नसेल तर फॉर्मल्डिहाइडचं हळूहळू फॉर्मिक ॲसिड होतं. ॲसिडमध्ये डीएनएवरचे प्युरिन बेस गळतात आणि साखळी तिथे तुटते. ऑपरेशनचा मोठा तुकडा न कापता तसाच बुडवला असेल तर फॉर्मॅलिन आत पोहोचेपर्यंत मधला भाग खराब होऊ लागतो. हाडाची बायोप्सी असेल तर कॅल्शियम कशाने काढलं हे विचाराच. हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक ॲसिडने काढलं असेल तर डीएनएची फारशी आशा धरू नका. ईडीटीएने काढलं असेल तर काम होतं. पिक्रिक ॲसिडवाल्या फिक्सेटिव्हमधले (ऊतक टिकवणाऱ्या द्रवातले) नमुनेही बहुतेक वाया जातात.

ही माहिती फॉर्मवर क्वचित भरलेली असते. बायोप्सी जिल्ह्याच्या गावी झालेली, ब्लॉक नातेवाइकांनी पिशवीत घालून मुंबईला आणलेला, असंच बहुधा असतं. मूळ लॅबला एक फोन करून फिक्सेटिव्ह, तास आणि डीकॅल्सिफिकेशन विचारून घ्या. नंतर पीसीआर का चालली नाही हे शोधत बसण्यापेक्षा तो फोन स्वस्त पडतो.

सेक्शन (ब्लॉकचे पातळ काप) कापण्याआधी पॅथॉलॉजिस्टने एच अँड ई (नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइडवर कॅन्सरच्या गाठीचा भाग पेनने आखून, त्यात गाठीच्या पेशी किती टक्के आहेत ते लिहून द्यायला हवं. सँगर पद्धतीला (डीएनएचा क्रम वाचायची जुनी पद्धत) साधारण ४० टक्क्यांहून कमी पेशी असतील तर म्युटेशन (डीएनएतला बदल) असूनही दिसेलच असं नाही. टक्केवारी कमी असली तर सेक्शन स्लाइडवर घ्या, आखलेल्या स्लाइडवर ठेवून जुळवा आणि स्काल्पेलने फक्त तेवढा भाग खरवडून ट्यूबमध्ये घ्या. मोठ्या तुकड्याचे १० मायक्रॉनचे ५ ते ८ सेक्शन पुरतात. हवेत उघडे राहिलेले वरचे दोन-तीन सेक्शन टाकून द्या. प्रत्येक ब्लॉकला नवीन ब्लेड, आणि मधे मायक्रोटोम (सेक्शन कापायचं यंत्र) पुसून घ्यायचा. कोऱ्या पॅराफिनचा एक सेक्शनही त्याच ओघात कापून शेवटपर्यंत न्या. आधीच्या रुग्णाचा कण पुढच्याच्या ट्यूबमध्ये जातोय का, हे त्यावरून कळतं. शेवटी आणखी एक एच अँड ई स्लाइड बनवून घ्या. छोट्या बायोप्सीत खाली खाली जाताना गाठ संपलेली असू शकते.

पुढची मापं क्विआजेन कंपनीच्या एफएफपीई (फॉर्मॅलिन-पॅराफिनमधल्या ऊतकाच्या) किटची आहेत. बाकीच्या सिलिका कॉलमवाल्या किटचा क्रमही साधारण असाच असतो.

सेक्शनवर १ मिली झायलीन, १० सेकंद व्होर्टेक्स, पूर्ण वेगाने २ मिनिटं सेंट्रिफ्यूज. नव्या माणसाच्या हातून नमुना जातो तो इथेच. झायलीनमध्ये ऊतक पारदर्शक होतं आणि बायोप्सीचा पेलेट (तळाशी बसलेला गोळा) अक्षरशः दिसेनासा होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये सगळ्या ट्यूबचे बिजागर बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पेलेट बिजागराच्या बाजूला तळाशी बसलाय हे न दिसताही कळतं. टिप समोरच्या भिंतीला टेकवून द्रव हळू ओढा आणि शेवटचे ५०-१०० मायक्रोलिटर राहू द्या. मग १ मिली निर्जल इथेनॉल घातलं की पेलेट पुन्हा पांढरा दिसू लागतो. परत २ मिनिटं फिरवा, आता बारीक टिपने जमेल तेवढं सगळं काढा, आणि झाकण उघडं ठेवून ३७ अंशांपर्यंतच्या उबेत सुमारे १० मिनिटं सुकवा. इथेनॉलचा वास येत असेल तर थांबा. उरलेलं इथेनॉल प्रोटिनेज-के या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचं काम मंदावतं. पांढरी मेणचट कड दिसली तर झायलीनची एक फेरी आणखी करा.

झायलीन फ्यूम हूडमध्येच वापरायचं. नायट्राइलच्या पातळ ग्लोव्हमधून ते काही मिनिटांत आरपार जातं, त्यामुळे थेंब पडला की ग्लोव्ह बदला. पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनच्या हव्यात. सिंकमध्ये ओतायचं नाही.

सुकलेल्या पेलेटवर लायसिस बफर १८० मायक्रोलिटर आणि प्रोटिनेज-के २० मायक्रोलिटर, ५६ अंशांवर १ तास. घड्याळावर जाऊ नका, ट्यूब उजेडाकडे धरून बघा. द्रव स्वच्छ हवा. तुकडे तरंगत असतील तर आणखी प्रोटिनेज-के घालून रात्रभर ठेवा. इथे घाई केली की कॉलम तुंबतो आणि डीएनएही कमी येतो. त्यानंतर ९० अंशांवर १ तास. फॉर्मॅलिनने प्रथिनं आणि डीएनए यांच्यात घातलेले बंध या उष्णतेने काही प्रमाणात सुटतात. ही पायरी गाळली तर मोजणीत डीएनए दिसतो, पण पीसीआर उठत नाही (प्रती वाढत नाहीत). वेळ वाढवला तर डीएनए आणखी तुटतो. हीट ब्लॉक एकच असेल तर तो ९० वर पोहोचेपर्यंत ट्यूब बाहेर ठेवा.

झाकणावरचे थेंब खाली आणा, ट्यूब थंड होऊ द्या, आरएनए नको असेल तर आरएनएज घाला. मग बाइंडिंग बफर २०० आणि इथेनॉल २०० मायक्रोलिटर लागोपाठ घालून लगेच मिसळा. यात पांढरा साका दिसू शकतो. मिश्रण कॉलममधून फिरवा. दोन वॉशनंतर रिकामा कॉलम पूर्ण वेगाने ३ मिनिटं फिरवायला विसरू नका. इल्युशन बफर (डीएनए कॉलममधून सोडवून घेणारा) मेम्ब्रेनच्या बरोबर मध्यावर सोडा आणि ५ मिनिटं थांबून फिरवा. बायोप्सीला ३० मायक्रोलिटर पुरे. १०० मध्ये काढलं तर डीएनए उगाच पातळ होतो.

मोजणीला नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला त्यावरून मोजणाऱ्या यंत्रावर) विसंबू नका. आरएनए, एकेरी साखळ्या, सुटे बेस सगळे २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात आणि आकडा फुगतो. क्यूबिटचा (दुहेरी साखळीला चिकटणाऱ्या रंगाने मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा धरा, नॅनोड्रॉपवरून फक्त शुद्धता बघा. मग हिशेब करा : १० नॅनोग्रॅममध्ये जिनोमच्या साधारण ३,००० प्रती. दहातली एकच चालण्याजोगी धरली तर ३००. गाठीच्या पेशी २० टक्के आणि म्युटेशन दोनपैकी एकाच प्रतीवर, म्हणजे हाती फक्त ३०. हा आकडा डोक्यात असला की मोजणीत भरपूर दिसणारा नमुना का फसतो हे समजतं. पीसीआर उठली नाही तर तोच डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. आता उठली तर दोष मेलॅनिन किंवा हीमसारख्या अडथळ्याचा. तरीही नाही उठली तर डीएनएच तुटलेला आहे, तेव्हा दीडशे बेसच्या आतला प्रॉडक्ट निवडा.

सगळ्यात जपायचं ते खोट्या म्युटेशनला. फॉर्मॅलिनमधल्या डीएनएत सायटोसिनचा युरॅसिल होतो आणि पीसीआर त्याला थायमिन म्हणून वाचते. युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज हे एन्झाइम आधी वापरलं तर असे बरेचसे बदल जातात. पण सायटोसिनवर मिथाइल असेल तर त्याचा थेट थायमिनच होतो आणि तो या एन्झाइमला सापडत नाही. ईजीएफआरचं टी७९०एम (औषधाला दाद न देणारं म्युटेशन) नेमकं अशाच जागी आहे : कोडॉन (तीन बेसचा गट) एसीजीचा एटीजी होतो आणि सायटोसिनच्या पुढे ग्वानिन आहे. त्यामुळे औषध सुरू न झालेल्या रुग्णात जेमतेम दिसणारं टी७९०एम आलं तर नव्या सेक्शनमधून वेगळा डीएनए काढून परत तपासा. ईजीएफआरच्याच एक्झॉन १९ मधलं डिलीशन (गळलेला तुकडा) किंवा एल८५८आर या बदलांबाबत ही शंका फारशी येत नाही. ते बदल या प्रकारचे नाहीत.

प्रत्येक बॅचमध्ये ऊतक न घातलेली एक ट्यूब सगळ्या पायऱ्यांतून न्या. पीसीआरनंतरच्या खोलीतला कोट, पिपेट, रॅक काहीही एक्स्ट्रॅक्शनच्या खोलीत परत आणू नका. त्या ब्लँकमध्ये सिग्नल आला तर पूर्ण बॅच बाद धरा, एकही रिपोर्ट सोडू नका.

डीएनए कमी पडला तर रिपोर्टमध्ये 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. 'नमुना अपुरा' लिहायचं आणि सोबत कारणही द्यायचं. डॉक्टर मग दुसरा ब्लॉक, नवी बायोप्सी किंवा रक्तातल्या प्लाझ्मावरची तपासणी सुचवू शकतात. ब्लॉक पूर्ण कापून संपवायचा नाही. त्याच रुग्णाला उद्या एएलके किंवा पीडी-एल१ ची (इतर औषधं ठरवणाऱ्या मार्करची) तपासणी लागेल, तेव्हा शिल्लक ऊतकासह ब्लॉक नोंद करून परत द्या.