उन्हाळी धान: मोटारीचा ऑटो काढा, बोअरचं पाणी तपासा

नेहमीची कामं आधी उरकून टाकतो:

- रोवणी २० बाय १५ सेंमी, एका चुडात २-३ रोपं
- हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश. नत्र निम्मं रोवणीला, उरलेलं फुटव्यांना आणि लोंबी धरताना
- जस्ताची कमतरता असेल तरच झिंक सल्फेट, हेक्टरी २५ किलो
- खोडकिडा, करपा: धुऱ्यावरून रोज चक्कर

आता खरं बोलायचं ते मोटारीच्या ऑटोबद्दल. लाईन आली की मोटार आपोआप सुरू, पाणी बांधीत (धानाच्या वाफ्यात), मालक घरी झोपलेला. रोवणीपासून कापणीच्या तोंडापर्यंत त्या बांधीच्या मातीला ऊन म्हणून लागत नाही. मग धान निसवतं आणि लोंब्या वाकतच नाहीत, काड्यांसारख्या ताठ उभ्या. दाणा चिमटीत दाबला की पोचट. तूस बघा, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. उन्हाच्या तडाख्यानेही दाणा पोचट राहतो, पण तेव्हा चोच होत नाही.

अशी लोंबी घेऊन माणूस दुकानात जातो. आधी टॉनिक मिळतं, मग बुरशीनाशक, मग बोरॉन. तीन फवारण्या होतात आणि मळणीला पोतीच भरत नाहीत. हा रोग नव्हेच. शास्त्रज्ञ या विकृतीला स्ट्रेटहेड म्हणतात आणि सतत तुंबलेलं पाणी हे तिचं मोठं कारण आहे. जमिनीत आर्सेनिक, म्हणजे सोमलातलं विष, असेल तर ती जास्तच बळावते. अमेरिकेत कापसाच्या जुन्या रानांत वर्षानुवर्षं आर्सेनिकचं तणनाशक मारलं होतं, तिथे पुढे धान लावल्यावर लोंब्या अशाच उभ्या राहिल्या.

पाणी साचून राहिलं की मातीतली हवा संपते. लोहाने धरून ठेवलेला आर्सेनिक सुटतो आणि धानाची मुळं सिलिका ओढतात त्याच वाटेने तोही आत ओढतात. बोअरच्या पाण्यातच तो असेल तर दर हंगामाला मातीत भर पडत जाते. माझा एक अंदाज सांगतो, प्रयोगशाळेचा नाही, धुऱ्यावरचा: पाइपाच्या तोंडाशी तांबडा गाळ बसतो आणि तिथलंच धान सगळ्यात वाईट, बांधीच्या दुसऱ्या टोकाला बरं, असं दिसलं तर ती बोअर आधी तपासा. तांबडा गाळ म्हणजे आर्सेनिकच असं नाही, नुसतं लोहही असतं.

आपल्या भागात कुठला आर्सेनिक, असं म्हणणाऱ्यांनी नकाशा काढावा. गडचिरोलीला लागूनच छत्तीसगडचा अंबागड चौकीचा भाग आहे. तिथल्या कौडीकसा गावाच्या पाण्यातला आर्सेनिक १९९९ मध्ये जगापुढे आला, तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता. तिथे हा आर्सेनिक खडकातूनच येतो, आणि खडक राज्याची हद्द पाहून थांबत नाही. तुमच्या बोअरमध्ये तो आहेच असं मी म्हणत नाही. तुम्ही ती तपासली का, एवढंच विचारतो.

पीक गेलं तर पुढच्या हंगामी घेता येतं. हे विष मात्र घरात मुरतं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. तळहात-तळपायावर खडे आल्यासारखी कातडी, अंगावर काळे-पांढरे ठिपके, हे दिसायला पाच-दहा वर्षं जातात. त्याआधीच तो गर्भाची वार ओलांडून पोटातल्या बाळापर्यंत पोचलेला असतो आणि बाळाचं वजन कमी भरू शकतं. चिली देशातल्या अँटोफगास्ता शहराने १९५८ ते १९७० असं पाणी प्यायलं, मग शुद्धीकरण सुरू झालं. पण त्या काळात गर्भात आणि पाळण्यात असलेली माणसं तिशी-चाळिशीत फुफ्फुसाच्या आजारांनी इतरांपेक्षा कितीतरी जास्त मेली. पाणी शुद्ध होऊनही.

बायांसाठी एक दिलाशाची गोष्ट: आईच्या दुधात आर्सेनिक फार थोडा उतरतो. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्या. धोका पुढे, आजी बोअरच्या पाण्यात शिजवलेल्या भाताची पेज बाळाला पाजते तेव्हा. चांगल्या पाण्यात, तांदळाच्या सहापट पाणी घेऊन शिजवलं आणि पेज ओतून टाकली तर भातातला आर्सेनिक निम्म्याच्या आसपास कमी होतो. पेज टाकायची हे आपल्याकडे कोणाला पटत नाही, माझ्या घरीही नाही. पण तपासणी होईपर्यंत ती लेकरांना आणि पोटुशीला देऊ नका. पिण्यापुरतं तरी दुसरं, तपासलेलं पाणी आणा. नुसती उघडी विहीर आहे म्हणून बिनधास्त राहू नका.

तपासणी अशी: मोटार दहा मिनिटं चालू द्या, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत किंवा स्वतः जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत द्या. अर्जावर ‘आर्सेनिक’ हा शब्द लिहाच. न लिहिता नेहमीची तपासणी केली तर तो त्यात असेलच असं नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

बांधीत आता काय करायचं? ऑटो काढून घरी ठेवा. फुटवे भरले की एक देठ उभा चिरा. आत लोंबीचा पांढरा ठिपका दिसायच्या आधीच पाणी तोडा आणि माती भेगाळेपर्यंत बांधी वाळू द्या. मग एक हातभर पाइप, खालच्या भागाला भोकं पाडून, बांधीत पुरा. आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंमी उतरलं की मगच मोटार लावा. मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) किंवा बोडीचं (शेततळ्याचं) पाणी मिळत असेल तर बोअरऐवजी तेच घ्या. मुळांच्या त्याच वाटेने सिलिका भरपूर गेली तर आर्सेनिकला जागा कमी उरते, पण त्यासाठी सिलिकाच्या महागड्या बाटल्या घेऊ नका, राईस मिलमागे तुसाच्या राखेचे ढीग पडलेले असतात. चिखलणीला ती टाकलेल्या बांध्या मला बऱ्या दिसल्या, पण तिचा ठरलेला डोस माझ्याकडे नाही.

फुलोऱ्यात मात्र ५ सेंमी पाणी हवंच, उन्हाने फूल करपतं. तेवढे दिवस मोटार हाताने लावायची.