५३५ चा घोळ कसा सुटला

गिरगावातल्या एका छापखान्याचा मेल सर्व्हर नव्या मशीनवर हलवला आणि बाहेर जाणारी मेल अडली. येणारी मेल व्यवस्थित दिसत होती, पण पाठवताना ‘५३५ ५.७.८’ म्हणजे ओळख नाकारली. सगळ्यांनी आधी पासवर्ड बदलायला घेतले. त्याची गरजच नव्हती. त्याच पासवर्डने डवकॉट, म्हणजे येणारी मेल दाखवणारा प्रोग्राम, इनबॉक्स उघडून देत होता!

मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रामच्या लॉगमध्ये खरं कारण होतं: पासवर्ड तपासणाऱ्या ‘सासलऑथडी’ या सेवेशी संपर्क होत नाही. पोस्टफिक्स स्वतः पासवर्ड तपासत नाही, ते काम सासल या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेकडे सोपवतो. सासलचा प्रकार सांगितला नाही तर तो सायरस हा प्रकार धरतो. सायरस इथे सासलऑथडीला विचारत होता, आणि या मशीनवर सासलऑथडी नव्हताच.

सासलचा प्रकार डवकॉट केला, मार्ग ‘प्रायव्हेट/ऑथ’ दिला. डवकॉटच्या बाजूने सॉकेट (दोन प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची फाइल) पोस्टफिक्सच्या स्पूल म्हणजे कामाच्या फोल्डरमधल्या ‘प्रायव्हेट’मध्येच उघडायला लावलं, कारण पोस्टफिक्स चरूटमध्ये, म्हणजे त्या एकाच फोल्डरमध्ये, कोंडलेला असेल तर त्याला बाहेरचं काही दिसत नाही. सॉकेटचा मालक पोस्टफिक्स, परवानगी ०६६०, म्हणजे फक्त मालक आणि त्याच्या गटाला वापरता येईल अशी. (०६६६ देऊन, म्हणजे सगळ्यांना खुलं करून, मोकळे होतात काही जण, मला ते मुळीच पटत नाही.) दोन्ही सेवा रीलोड केल्या.

मग मेल पाठवण्याच्या ५८७ पोर्टवर स्टार्टटीएलएस (जोडणी गुप्त करणारी सोय) लावून लॉगिन केलं. ‘२३५’, म्हणजे ओळख मान्य, असं उत्तर आलं, आणि अडकलेली प्रुफं ग्राहकांकडे रवाना झाली.