विशेष मुलांच्या खेळघरात नव्याने येणाऱ्या ताई-दादांसाठी

सांगलीत विशेष मुलांना खेळायला, फिरायला नेणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काही वर्षं काम करतेय. कॉलेजं सुरू झाली की नवी पोरं येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, काय शिकवायचं?"

काहीही नाही. या मुलांचा आठवडा फिजिओ, स्पीच थेरपी, शाळा, गृहपाठ यांतच संपतो. दिवसभर कुणी ना कुणी त्यांना सुधारत असतं. खेळघरात रंग ओळख, अंक म्हण, असलं काही नको. उत्तम शिकलेल्या लोकांनाच हे सगळ्यात अवघड जातं.

ऑटिझम असलेला एक मुलगा आला की तीनचाकी उलटी करतो आणि चाक फिरवत बसतो. नवा दादा हमखास ती सरळ करून त्याला सीटवर बसवायला जातो, आणि मुलगा किंचाळतो. त्याऐवजी दुसरी सायकल घ्या, शेजारी बसा, आपलंही चाक फिरवा. बोलू नका. बऱ्याच वेळाने तो हात पुढे करून तुमचं चाक थांबवेल आणि तुमच्याकडे बघेल. आता तुम्ही ते पुन्हा फिरवायचं. झाला की खेळ सुरू!

साहित्यावर पैसे उधळू नका. जुनी साडी पसरून सगळ्यांनी काठ धरायचे आणि वर चेंडू उडवायचा, यात व्हीलचेअरवरचं मूलही पहिल्या मिनिटापासून सामील असतं. घुंगरू घातलेला चेंडू न दिसणाऱ्या मुलालाही सापडतो. आमराई बागेत नेलंत तर झोपाळ्याआधी सावली आणि स्वच्छतागृह बघा. गणपतीत ढोल-ताशाच्या वाटेवरून नेऊ नका. काही मुलांना तो आवाज अक्षरशः दुखतो.

फिट आली तर आपल्याकडे लोक कांदा नि चप्पल घेऊन धावतात. त्यांना बाजूला करा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ लावा. हे सगळं आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. मुलाला बाथरूमला न्यायचं तर संस्थेची ठरलेली पद्धत पाळायची, स्वतःच्या मनाने न्यायचं नाही. आणि पालकांना न विचारता फोटो स्टेटसला टाकलात, तर माझ्याशी गाठ आहे.

"नुसत्या खेळाला संस्था कशाला?" असं घरचे विचारतीलच. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात, कलम ३१ मध्ये, खेळ आणि विश्रांती हा मुलांचा हक्क मानलाय. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो, आणि त्यातही करमणूक नि क्रीडा यांची वेगळी कलमं आहेत. एवढं सांगूनही पटलं नाही, तर त्यांना एकदा मुलांच्या आयांशी बोलायला आणा. मूल खेळघरात असतं त्या दोन तासांत कुणी बँकेचं काम उरकते, कुणी नुसती पाठ टेकते.

यातच करिअर करायचं असेल, तर स्वयंसेवक म्हणून येण्याला पदवी-पदविका काही लागत नाही, पण विशेष शिक्षक व्हायला लागते. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला डी.एड. किंवा बी.एड.चा विशेष शिक्षणाचा कोर्स करायचा आणि मग परिषदेकडे नोंदणी. फी भरायच्या आधी त्या कॉलेजची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः तपासा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. पगाराबद्दल मोठ्या आशा ठेवू नका.

आणि येणार म्हटलं की या. दांडी मारायची असेल तर आदल्या दिवशी कळवा, कारण तुमच्यासोबत कोणतं मूल असेल हे आम्ही त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं.