सोसायटीच्या गच्चीवर हास्य दिन कसा साजरा करावा

जागतिक हास्य दिन मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो आणि तो मूळचा मुंबईचा आहे, हे अनेक मुंबईकरांनाही ठाऊक नसते. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला आणि जानेवारी १९९८ मध्ये पहिला हास्य दिनही याच शहरात साजरा झाला. पुढे हा दिवस मे महिन्यात नेण्यात आला, ते सोसायट्यांच्या दृष्टीने बरेच झाले. शाळांना सुट्टी लागलेली असते, आणि जे गावाला गेलेले नसतात ते घरात बसून पुरेसे कंटाळलेले असतात.

तयारीचा पहिला नियम असा की कार्यक्रमात विनोद सांगू देऊ नयेत. हा सल्ला विचित्र वाटेल, परंतु त्या पहिल्या हास्यक्लबातही सुरुवातीला विनोदच सांगितले जात असत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, बोचरे आणि पाचकळ विनोद सुरू झाले, तेव्हा विनोदांवाचून नुसतेच हसायचे, असे ठरले. आमच्या सोसायटीने पहिल्या वर्षी नेमकी हीच चूक केली. आम्ही विनोदांची स्पर्धा ठेवली, अर्ध्या लोकांनी मोबाईलवर आलेले जुने विनोद वाचून दाखवले, तिसऱ्या विनोदात कोणाची तरी बायको आली, पाचव्यात कोणाचे तरी वजन आले आणि सातव्यानंतर दोन बिऱ्हाडे न बोलता खाली उतरली. दुसऱ्या वर्षी सूचना फलकावर ‘विनोद सांगण्यास सक्त मनाई आहे’ अशी ठळक ओळ लिहिली, तेव्हा ती ओळ वाचूनच लोक हसू लागले.

वेळ सकाळी सातची ठेवावी. मे महिन्यात नऊनंतर मुंबईची गच्ची तव्यासारखी तापते, घामाने जीव नकोसा होतो, आणि बाहेरून येणारे पाहुणे असतील तर रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ, सुरू होण्याआधी त्यांना परतता येते. गच्चीची किल्ली आदल्या रात्रीच सेक्रेटरींकडून घ्यावी, पाण्याच्या टाकीकडे आणि कठड्यालगत मुले जाणार नाहीत अशा बेताने सतरंज्या अंथराव्यात. ध्वनिक्षेपक मुळीच लावू नये. तीस माणसे एकदम हसू लागली की त्याची गरजही उरत नाही. वरच्या मजल्यावरील रहिवाशांना मात्र आधी कल्पना द्यावी. हर्निया, काचबिंदू, अपस्मार, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी जोरात हसण्याचे प्रकार करू नयेत. त्यांच्याकडे परीक्षकपद सोपवावे, म्हणजे कोणी बाजूला पडत नाही.

सुरुवात टाळ्यांनी करावी. दोन्ही तळहात पूर्ण जुळतील अशा टाळ्या वाजवत सर्वांनी ‘हो हो, हा हा हा’ असे तालात म्हणत गोल फिरायचे असते. पहिली दोन मिनिटे अत्यंत अवघड जातात, हे गृहीत धरावे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे ‘हे काय चालले आहे’ अशा नजरेने पाहत असतो. अशा वेळी आयोजकाने स्वतः सर्वांत जास्त वेडेपणा करून दाखवावा. सभ्यपणे उभे राहून इतरांना ‘हसा, हसा’ म्हणणाऱ्या माणसामुळे कोणी हसल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

त्यानंतर हास्याचे प्रकार घ्यावेत. हास्यक्लबांत लस्सी हास्य नावाचा एक प्रकार असतो. त्यात एका काल्पनिक पेल्यातली लस्सी ‘एऽऽ’ म्हणत दुसऱ्या पेल्यात ओततात, पुन्हा पहिल्यात ओततात आणि मग ती पिण्याचा आव आणत खदखदून हसतात. आम्ही त्याचे कटिंग हास्य केले आहे. टपरीवरच्या चहावाल्यासारखी धार हात उंचावून लांबवर सोडायची असते आणि कटिंग असल्यामुळे हसू अर्धेच पुरवायचे असते, जे कोणालाही जमत नाही.

तथापि मुंबईत हमखास चालणारा प्रकार चौथ्या सीटचा, म्हणजे लोकलमधल्या तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकण्याचा आहे. तीन खुर्च्या चिकटवून ठेवाव्यात, तिघांना अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसवावे आणि चौथ्याने येऊन, एक शब्दही न बोलता, लोकलमध्ये करतात तशी नुसती हाताची खूण करावी. तिघांनी बोटभर सरकायचे, चौथ्याने अर्धे बूड टेकवायचे आणि चौघांनीही दादर येईपर्यंत हसायचे नाही, एवढाच नियम आहे. बाकीच्यांनी उभ्याने कडी धरून हेलकावे खावेत आणि एकाने स्थानकांची नावे पुकारावीत. आमच्याकडे कल्याणहून निघालेली गाडी ठाण्यापुढे कधीही गेलेली नाही. एकदा तर बँकेतून निवृत्त झालेले, एरवी जिन्यात मान हलवण्यापलीकडे न जाणारे एक आजोबा चौथ्या सीटवरून घरंगळून थेट सतरंजीवर आले आणि तिथेच बसून डोळे पुसत ‘अहो, मुलुंड आलं का?’ असे विचारू लागले.

भांडण हास्य शेवटी ठेवावे, कारण तोवर माणसे सैलावलेली असतात. यात समोरासमोर उभे राहून, तर्जनी नाचवत, शब्दांऐवजी केवळ हसण्याने भांडायचे असते. पार्किंगवरून ज्यांचे वर्षभर खटके उडतात अशी जोडी मिळाल्यास उत्तम, पण त्यांना आधी एकेकटे गाठून विचारावे. चारचौघांत ढकलून उभे करू नये. ज्याला नको असेल त्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नये, आणि कोणाच्या बोलण्याची, चालीची किंवा भाषेची नक्कल करू देऊ नये, मग ती कितीही हुबेहूब असो.

हे सारे वीस मिनिटांत आटोपावे. याहून लांबवल्यास पोट दुखते आणि मजा उतरते. मग सर्वांनी सतरंजीवर पाठ टेकून, डोळे मिटून दोन-तीन मिनिटे शांत पडावे. कोणातरी एकाला मध्येच उबळ येते आणि ती सतरंजीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरत जाते. तिला अडवू नये.

पोहे आणि कोकम सरबत यानंतरच आणावे, कारण भरल्या पोटी हसणे त्रासाचे होते. फोडणीचा वास जिन्यात पोचला की इतका वेळ खिडकीतून डोकावणारे शेजारीही ‘सहज आलो’ म्हणत वर येतात. त्यांच्या हाती बशी देण्यापूर्वी त्यांना एकदा चौथ्या सीटवर बसवावे.