जुनी सात आसनी एसयूव्ही कशी पारखावी: तपासणी मागून पुढे

सात आसनांची जुनी एसयूव्ही विकायला काढताना मालक बॉनेट पुसून घेतो, डॅशबोर्डला पॉलिश मारतो आणि पुढची आसने स्वच्छ करतो; तिसऱ्या रांगेकडे आणि डिकीच्या तळाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणूनच अशा गाडीची खरी हकिगत पुढच्यापेक्षा मागच्या भागात अधिक स्पष्ट कळते. शिवाय अशी गाडी आपण घेतो ती माणसे आणि सामान भरून लांब जाण्यासाठी, पण बघायला गेल्यावर एकट्याने बसून दोन वळणे मारून परत येतो. या लेखातील पद्धत या दोन्ही सवयी मोडते: तपासणी मागून पुढे करावी आणि चाचणी गाडी भरून घ्यावी.

जाण्यापूर्वी

आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. भेट दिवसाउजेडी ठेवावी आणि पाऊस असेल तर सरळ पुढे ढकलावी, कारण ओल्या रंगावर पोचे, पुट्टी भरलेल्या जागा आणि छटेतला फरक लपून जातो. सोबत टॉर्च, मोजपट्टी, टायरच्या नक्षीची खोली मोजण्याचे साधन, एक साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील त्रुटी वाचणारे उपकरण) आणि घरातली चार-पाच माणसे असावीत.

एक हिशेब मात्र घरीच करावा. गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतला फरक म्हणजे तिला वाहता येणारे ओझे. सात माणसे सरासरी ७० किलोची धरली, तर ४९० किलो तिथेच होतात, आणि काही मॉडेलमध्ये हा फरक ५०० ते ६०० किलोच असतो. म्हणजे सातही जण बसल्यावर बॅगांसाठी आणि छतावरच्या कॅरिअरसाठी फारच थोडे उरते. हे आकडे कागदपत्रांत, पुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर मिळतात. वर्षानुवर्षे या मर्यादेपलीकडे भरून चालवलेल्या गाडीचे मागचे सस्पेन्शन, ब्रेक आणि गिअरबॉक्स हे मीटरवरच्या आकड्यावरून वाटतात त्यापेक्षा बरेच अधिक झिजलेले असतात.

तिसरी रांग

सुरुवात इथून करावी आणि घाई करू नये. दुसऱ्या रांगेचे आसन पुढे सरकवून किंवा दुमडून मागे जाण्याची वाट स्वतः करून पाहावी. या यंत्रणेत बहुधा एक केबल आणि खटका असतो. केबल ताणली गेली असेल तर आसन एका ओढीत सुटत नाही, किंवा सुटते पण परत बसताना नीट अडकत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण न अडकलेले आसन धक्क्यात पुढे फेकले जाते. प्रत्येक आसन उघडून, मिटून, अडकल्यावर जोराने हलवून पाहावे. त्यानंतर घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे दहा मिनिटे बसवावे. पाच अधिक दोन, म्हणजे पाच मोठी आणि दोन छोटी आसने, अशा स्वरूपाच्या अनेक गाड्यांत तिसरी रांग मुलांसाठीच असते. मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात. आपल्याला ती आसने कोणासाठी हवी आहेत, याचा निकाल तिथेच लागतो.

मागचे सीट बेल्ट पूर्ण लांबीपर्यंत बाहेर ओढावेत. फारसे न वापरलेले हे बेल्ट गाडी पाण्यात बुडाली होती का, याचे चांगले साक्षीदार असतात: शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेषा, बुरशीचे डाग किंवा गाळाचे कण दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. बेल्टच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा निर्मितीची तारीख असते. ती गाडीच्या वर्षाशी जुळत नसेल तर बेल्ट बदलला आहे, आणि तो का बदलला हे विचारावे. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत येतात की दुसरीपाशीच संपतात, तेही पाहावे, कारण जुन्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा मागच्या प्रवाशांना हे संरक्षण नसते.

आता डिकीचा गालिचा उचलावा. जॅक ठेवण्याच्या खणात, बाजूच्या कप्प्यांत आणि तळाच्या खोलगट भागांत बोटे फिरवावीत. ओल, गंज किंवा कुबट वास आढळला तर पाणी मागच्या दिव्याच्या गॅस्केटमधून, दरवाजाच्या रबरातून किंवा सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्यांतून येत असते. सनरूफला चौकटीच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या नळ्या असतात आणि त्या खांबांमधून खाली उतरतात. मालकाची परवानगी घेऊन चौकटीच्या खाचेत पेलाभर पाणी हळूहळू ओतावे; ते गाडीखाली टपकायला हवे. टपकले नाही तर ते छताच्या कापडात किंवा गालिचाखाली मुरते आहे. अनेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आसनांखाली किंवा मागच्या बाजूच्या पॅनेलमध्ये असल्यामुळे ही गळती पुढे विजेच्या न सापडणाऱ्या बिघाडांचे मूळ ठरते.

मागचा दरवाजा अर्धवट उघडून सोडावा. तो खाली घसरत असेल तर दरवाजा उचलून धरणारे गॅस स्ट्रट संपले आहेत, जो स्वस्त दोष आहे. बिजागरीपाशी वाकणाऱ्या तारांचा जुडगा मात्र नीट पाहावा. हजारो वेळा वाकून त्यातील तारा तुटतात आणि मग मागचा वायपर, कॅमेरा, काचेचा हीटर किंवा नंबरप्लेटचा दिवा एकेक करून बंद पडतो.

मागचा एसी

या प्रकारच्या गाड्यांत हा भाग खर्चिक असूनही क्वचितच तपासला जातो. पुष्कळ सात आसनी गाड्यांत मागे वेगळा ब्लोअर आणि वेगळा इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारा भाग) असतो, आणि त्यासाठी गॅसच्या नळ्या तळाखालून मागपर्यंत नेलेल्या असतात. दगड, चिखल आणि गंज यांमुळे त्या झिजतात. इंजिन सुरू झाल्यावर मागचा ब्लोअर प्रत्येक वेगावर चालवावा आणि सर्व झरोक्यांवर हात धरावा. पुढे थंडावा आणि मागे कोमट हवा असेल तर दोष बहुधा गॅसच्या मागच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा हवा वळवणाऱ्या झडपेत असतो. दोन्हीकडे कमजोर असेल तर गॅस कमी झालेला असतो, आणि गॅस आपोआप संपत नाही, तो कुठून तरी गळतो. “फक्त गॅस भरावा लागेल” हे विक्रेत्याचे वाक्य म्हणून फारसे मनावर घेऊ नये. तसेच काही गाड्यांत मागे फक्त पंखा असतो, वेगळा थंडावा नसतो. जाहिरातीत या दोन्हींना एकच नाव दिलेले असते.

गाडीखाली

बऱ्याच मोठ्या गाड्यांत स्टेपनी तळाखाली केबलवर टांगलेली असते. ती प्रत्यक्ष खाली उतरवून पाहावी. केबलची चरखी गंजून जाम झालेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ती पंक्चरच्या वेळी कळणे सर्वांत वाईट. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. स्टेपनी अनेकदा गाडीइतकीच जुनी निघते. चाकांवरील टायरचे आठवडे वाचावेत आणि भार निर्देशांकही, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणारा त्यावरचा अंकही, पाहावा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० आणि १०८ म्हणजे १०००. काटकसर म्हणून बसवलेले कमी निर्देशांकाचे टायर पूर्ण भरलेल्या गाडीला पुरत नाहीत. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत, नाहीतर चाकांमध्ये शक्ती वाटणाऱ्या ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शियलवर सतत ताण राहतो.

लॅडर चासीच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या गाडीत लांबीच्या दोन्ही तुळया, त्यांचे जोड आणि सस्पेन्शनच्या बैठका टॉर्चने पाहाव्यात. मोनोकॉक गाडीत (जिथे बॉडी हाच सांगाडा असतो) उंबरठे आणि मागच्या चाकांच्या कमानींच्या आतल्या बाजू. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे सुटणारा किंवा दाबल्यावर खचणारा चालत नाही. तळाला नुकताच काळाकुळीत रंग फासलेला असेल तर त्याखाली काय आहे, हे मेकॅनिककडून लिफ्टवर तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ट्रेलर जोडण्याचा हुक असल्यास किंवा त्याच्या खुणा असल्यास ट्रेलर किती ओढला हे विचारावे, कारण त्याचा भार क्लच, गिअरबॉक्स आणि कूलिंग यांवर येतो.

गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजावी. डावी-उजवी बाजू स्पष्टपणे वेगळी निघाली तर स्प्रिंग दमली किंवा तुटली असावी. हवेच्या सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी सुरू करण्यापूर्वी पाहावी. एक कोपरा बसलेला असेल तर गळती आहे, आणि तिची भरपाई करताना कंप्रेसरही झिजत असतो.

थंड इंजिन

बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. गरम असेल तर विक्रेत्याने काहीतरी लपवण्यासाठी ते आधीच सुरू केले असू शकते, आणि मग दुसऱ्या दिवशी येणे उत्तम. थंड असतानाच कूलंटच्या टाकीचे झाकण उघडावे; गरम इंजिनवर हे कधीही करू नये. कूलंट गंजाच्या रंगाचे किंवा तेलकट असणे वाईट. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनातील ऑइल आणि कूलंट वेगळे ठेवणारे पॅकिंग) गेल्याचा निष्कर्ष काढू नये, केवळ छोट्या फेऱ्यांमुळेही ती जमते. पण कूलंटही कमी होत असेल तर संशय बळावतो.

एक जण सायलेन्सरमागे उभा राहील आणि दुसरा सेल्फ मारेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थंडीत सुरुवातीची पांढरी वाफ सामान्य असते, पण इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंटचा असतो. डिझेलमध्ये दाबल्यावर निघणारा दाट काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गातील दोष सुचवतो. पहिल्या काही सेकंदांत खडखडाट होत असेल तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर तपासावा. चेनऐवजी बेल्ट असेल तर तो बदलल्याची पावती मागावी. बेल्टला किलोमीटरप्रमाणे वर्षांचीही मर्यादा असते आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे.

चावी फिरवल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅग यांचे दिवे लागून विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही तो लागलेल्यापेक्षा अधिक संशयास्पद असतो, कारण तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. ओबीडी स्कॅनरवर केवळ त्रुटी नाहीत एवढ्यावर समाधान मानू नये. गाडी स्वतःच करते त्या अनेक चाचण्या अपूर्ण दिसत असतील तर त्रुटी नुकत्याच पुसल्या आहेत किंवा बॅटरी काढली होती. कणगाळणी (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ) असलेल्या डिझेल गाडीचा वापर कुठे झाला हेही विचारावे, कारण केवळ शहरातल्या छोट्या फेऱ्यांवर ही गाळणी साफ होण्याइतकी तापत नाही आणि तुंबते.

भरलेल्या गाडीची फेरी

आता सोबत आलेली माणसे आत बसवावीत. मार्गात चढ, खडबडीत रस्ता, मोकळा सरळ पट्टा आणि पूर्ण वळणाची जागा असावी. चढावर तापमानाचा काटा पाहावा. रिकाम्या गाडीत शांत राहणारा काटा भरलेल्या गाडीत चढला, तर रेडिएटर, पंखा किंवा थर्मोस्टॅट थकला आहे. ऑटोमॅटिक गिअर डी आणि आर मध्ये टाकल्यावर दीर्घ विलंब किंवा धक्का नको. एकसारख्या वेगात हलकेच ॲक्सिलरेटर दिल्यावर खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागाच्या) क्लचचा संशय घ्यावा. या एका दोषापायी मी गाडी सोडून द्यायला सांगेन, बाकी सर्व काही ठीक असले तरीही.

वेगातून ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क असमान झाल्या आहेत. पूर्ण वळणात टकटक आवाज येणे हे चाकापर्यंत शक्ती नेणारा सीव्ही जॉइंट झिजल्याचे लक्षण. फोर व्हील ड्राइव्ह निवडायची असेल तर ती सुट्या मातीवर निवडून पाहावी, कोरड्या डांबरावर नाही. तिथे आखडणे स्वाभाविक असते. तिसऱ्या रांगेत बसलेल्याला काय ऐकू येते ते शेवटी विचारावे. मागचे बुश, शॉकअब्सॉर्बर आणि बेअरिंग यांची तक्रार चालकापर्यंत पोहोचत नाही.

कागद आणि ओळख

काचेखाली, चासीवर, दाराच्या खांबावर आणि कागदांवर असलेला १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) सगळीकडे एकच असावा. त्याच्या आधारे निर्मात्याकडे परत बोलावणीची (रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत मागवणे) चौकशी करावी. टकाटा कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) हे याचे मोठे उदाहरण आहे: त्यांतील अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे कालांतराने बिघडून इन्फ्लेटर फुटू शकतो, आणि अनेक निर्मात्यांच्या लक्षावधी जुन्या गाड्यांत ते बसवलेले होते. दुरुस्ती झाल्याची नोंद पाहिल्याशिवाय मुलांना त्या गाडीत बसवू नये.

सुरक्षा चाचणीतील तारे वाचताना वर्ष पाहावे, कारण निकष दर काही वर्षांनी कडक होत गेले आहेत. उंच गाडी घसरून उलटण्याचा धोका कमी करणारे इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण आहे का, हे मी ताऱ्यांपेक्षा आधी पाहीन. युरोपीय संघात नव्या गाड्यांसाठी ते नोव्हेंबर २०१४ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांत ते मॉडेलनुसार असते किंवा नसते.

मीटरवरील आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी आणि झिजेशी ताडून पाहावा. कमी किलोमीटरच्या गाडीत गुळगुळीत पेडल, चकाकणारे स्टिअरिंग आणि चालकाच्या आसनाची चेपलेली कड शोभत नाही. नवी कोरी सीट कव्हर दिसली तर ती थोडी उचलून पाहावी.

किंमत ठरवताना

आढळलेल्या दोषांची यादी मेकॅनिकला दाखवून दुरुस्तीचा अंदाज घ्यावा आणि मगच बोलणी करावीत. टायर, ब्रेक, बॅटरी, स्ट्रट हे सौद्याचे विषय आहेत. संरचनेचा गंज, तापणारे इंजिन, थरथरणारा गिअरबॉक्स, पाण्यात बुडाल्याच्या खुणा आणि छेडलेली एअरबॅग यांवर सूट मागू नये, तिथून निघावे. सौदा ठरला तर पैसे देण्यापूर्वी दुसरी चावी, जॅक, स्टेपनी उतरवण्याचा दांडा, चाकांचे कुलूप-नट उघडण्याची किल्ली, तिसऱ्या रांगेचे हेडरेस्ट आणि डिकीचे आच्छादन हे सर्व गाडीत असल्याचे पाहून घ्यावे. तिसरी रांग दुमडून ठेवणाऱ्या मालकांकडे यातल्या शेवटच्या दोन वस्तू हमखास माळ्यावर पडलेल्या असतात.