कॅरिबियन क्रूझवर सगळं कुटुंब घेऊन जाताय? बंदरावरचे दिवस असे ठरवा

क्रूझ बुक झाली की सगळे आधी एक्स्कर्शन्सची, म्हणजे बंदरावर उतरून करायच्या टूर्सची, यादी उघडतात, आणि त्यात इतके सुंदर फोटो असतात की प्रत्येक बंदरावर काहीतरी मोठं केलंच पाहिजे असं वाटायला लागतं. आम्हीही पहिल्या वेळी चार बंदरांवर चार मोठ्या टूर्स घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी धाकटी तापली, बाबांचे गुडघे सुजले. आता तीन क्रूझ झाल्यावर माझी पद्धत अगदी उलटी आहे. कागदावर आधी जहाजावर परत किती वाजता यायचंय ते लिहायचं, मग घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला काय झेपेल ते, आणि बघायच्या जागा सगळ्यात शेवटी.

वेळेचा हिशोब असा. बंदरावर सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असं लिहिलेलं असतं, वाटतं नऊ तास आहेत. पण आठला जहाज धक्क्याला लागतं, मग परवानगी मिळते, मग लिफ्टला गर्दी, खाली उतरेपर्यंत साडेआठ होतातच. परत येण्याची शेवटची वेळ, म्हणजे ज्याला ऑल अबोर्ड म्हणतात, ती निघायच्या साधारण अर्धा तास आधी असते, काही वेळा त्याहूनही आधी, रोजच्या प्रोग्रॅममध्ये आणि गँगवेजवळच्या, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलाजवळच्या, बोर्डावर लिहिलेली असते, तिचा फोटोच काढून ठेवा. मी त्याच्याही आधी एक तास आपला म्हणून धरते. म्हणजे हातात उरले सात तास, त्यातून जाण्यायेण्याचा प्रवास वजा केला की मग कळतं खरा दिवस केवढा आहे ते.

आणि घड्याळ! यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आमची बोट यामुळे सुटता सुटता राहिली. फोन बंदरावरच्या टॉवरला जोडला गेला की तिथली स्थानिक वेळ आपोआप दाखवतो, पण जहाज बऱ्याचदा स्वतःच्याच वेळेवर चालतं. कोझुमेल बेट मेक्सिकोच्या ज्या किंताना रो राज्यात आहे तिथे वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे जुलैमध्ये मायामीहून गेलेल्या जहाजापेक्षा तिथलं घड्याळ एक तास मागे असतं. आम्ही बीचवर निवांत, फोनवर तीन वाजून दहा, जहाजावर चार वाजून दहा, आणि साडेचारला आत असायला हवं होतं. नवऱ्याच्या हातात साधं घड्याळ होतं म्हणून कळलं, ओल्या कपड्यांनीच टॅक्सीत बसलो, आई तर रस्ताभर एक शब्द बोलली नाही. हिवाळ्यात उलटा प्रकार, फ्लोरिडाहून पूर्वेकडे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, सॅन हुआनला गेलात की स्थानिक वेळ एक तास पुढे. तेव्हा प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात एक साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं, आणि जहाजाने वेळ बदलली असं अनाऊन्स केलं तरच ते बदलायचं.

आता टूर जहाजाकडून घ्यायची की बाहेरून हा प्रश्न. जहाजाची टूर महाग असते, बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं असतात, पण तिची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय तेच करतात. बाहेरच्या टूरसाठी कोणी थांबत नाही, राहिलात तर पुढच्या बंदरापर्यंतचं विमान आपल्या खर्चाने. माझा नियम: बंदरापासून अर्ध्या तासाच्या आतलं असेल तर बाहेरून, लांबचं असेल किंवा मध्ये फेरी बोट असेल तर जहाजाकडून. बाहेरून घेताना दोन गोष्टी लेखी विचारा. एक, जहाज त्या बंदरावर आलंच नाही तर पूर्ण पैसे परत का. दुसरी, भेटायची नेमकी जागा कुठली, कारण कोझुमेलला क्रूझचे तीन धक्के आहेत, पुंता लांगोस्ता गावातच आणि बाकीचे दोन दक्षिणेला काही किलोमीटरवर, सेंट थॉमसलाही हॅवनसाइट आणि क्राउन बे असे दोन, रोआटानलाही दोन. आपलं जहाज कुठल्या धक्क्याला आहे आणि त्या दिवशी अजून किती जहाजं आहेत हे क्रूझमॅपरसारख्या साइटवर आधीच बघता येतं. पाच जहाजं असतील त्या दिवशी बीचवर लवकर जायचं आणि लवकर निघायचं, दोननंतर टॅक्सीला रांगा लागतात.

ग्रँड केमनला क्रूझसाठी धक्काच नाही, जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं, याला टेंडर म्हणतात. बेलीझ सिटीलाही तसंच, तिथे तर जहाज बरंच लांब उभं राहतं आणि बोटीलाच वीसेक मिनिटं लागतात. जहाजाच्या टूरवाल्यांना पहिल्या बोटी मिळतात, बाकीच्यांना नंबर घेऊन बसावं लागतं. समुद्र खवळलेला असला तर अशी बंदरं सगळ्यात आधी रद्द होतात. व्हीलचेअर लागणारं माणूस बरोबर असेल तर बुक करायच्या आधीच टेंडरबद्दल विचारून घ्या.

बंदरागणिक माझं मत सांगते, तुमचं वेगळं असू शकतं.

सॅन हुआनला टूर घ्यायची गरजच नाही. जुन्या शहराला लागून धक्का असेल तर उतरायचं आणि चालत एल मोरो किल्ल्यावर जायचं, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, समोर केवढं तरी मोठं हिरवं मैदान आहे जिथे लोक पतंग उडवतात, आमची मुलं तिथून हलायला तयार नव्हती. फक्त बरीच जहाजं इथे दुपारनंतर पोचतात आणि किल्ला संध्याकाळी बंद होतो, तेव्हा वेळ बघून ठरवा. नसाऊमध्ये पण क्वीन्स स्टेअरकेस आणि वरचा फोर्ट फिनकॅसल चालत होतो. त्या पायऱ्या गुलाम केलेल्या माणसांनी खडक फोडून काढल्या आहेत, मुलांना आधी दोन मिनिटं थांबून ते सांगा आणि मग चढा.

कोझुमेलहून तुलुमचे अवशेष बघायचे म्हणजे आधी प्लाया देल कार्मेनला फेरी, पाऊण तास, मग बस तासभर, आणि तसंच परत. फेरी हलते पण खूप. आठ वर्षांखालची मुलं असतील तर मी नको म्हणेन. माया संस्कृतीचं काहीतरी दाखवायचंच असेल तर सान हेर्वासियो कोझुमेल बेटावरच आहे, लहान आहे, गर्दी कमी, दीड तासात होतं आणि मग अर्धा दिवस बीचला उरतो. कोस्टा मायाला थांबत असाल तर चाकचोबेनचे माया अवशेष तासाभराच्या आत आहेत, ते तुलुमपेक्षा कितीतरी सोपं.

ग्रँड केमनची स्टिंगरे सिटी मात्र चुकवू नका. बोटीने नॉर्थ साउंडमध्ये नेतात, मध्येच वाळूचा उथळ पट्टा आहे, मोठ्यांना कमरेपर्यंत पाणी आणि भोवती पाकट मासे पायाला मऊ मऊ घासून जातात. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत सरकवत चालायचं, म्हणजे चुकून माशावर पाय पडत नाही. चार वर्षांच्या मुलाला ते पाणी गळ्यापर्यंत येतं, लाइफ जॅकेट घालूनच उतरवा, शक्यतो मापाचं स्वतःचं न्या, कारण बोटीवरची लहान मुलांना ढगळ होतात.

सेंट थॉमसला मेगन्स बे, पाणी शांत, उतार हळूहळू, लहान मुलांना याहून चांगला बीच मी पाहिला नाही. तिथे उघड्या ट्रकसारख्या सफारी टॅक्सी असतात, दर माणशी असतो, गाडी भरेपर्यंत थांबते, आणि गाड्या डावीकडून चालतात त्यामुळे रस्ता ओलांडताना मुलांचा हात धरा. सेंट जॉनचा ट्रंक बे सुंदरच आहे पण आधी टॅक्सी, मग रेड हुकहून फेरी, मग परत टॅक्सी, म्हणजे त्यातच पूर्ण दिवस जातो.

सेंट मार्टिनच्या माहो बीचवर विमानं डोक्यावरून जातात, मुलांना वेड लागतं. पण उड्डाणाच्या वेळी विमानतळाच्या कुंपणाजवळ उभं राहू नका, २०१७ मध्ये इंजिनच्या झोताने एक बाई तिथे दगावली आहे. लांबून, बाजूच्या वाळूवरून तेवढंच छान दिसतं. परतीला सिम्पसन बेचा पूल बोटींसाठी उघडतो आणि ट्रॅफिक तुंबतो, एक तास जास्तीचा धराच. नाहीतर धक्क्यावरून वॉटर टॅक्सीने फिलिप्सबर्गच्या बीचवर जा, काही टेन्शन नाही.

जमैकात डन्स रिव्हर फॉल्सला एकमेकांचे हात धरून साखळी करून धबधबा चढतात. पाण्यातले बूट हवेतच, दगड निसरडे आहेत. आजी-आजोबांना बाजूच्या पायऱ्यांवरून बरोबरीने वर येता येतं, आई तशीच आली आणि वरून फोटो तिनेच काढले. जहाज ओचो रिओसला लागत असेल तर जवळ, फालमथला लागत असेल तर तासाभराहून जास्त प्रवास, हे बुक करताना बघा.

आणि कोकोके किंवा कास्टअवे के सारखं क्रूझ कंपनीचं स्वतःचं बेट असेल तर त्या दिवशी काहीच बुक करू नका, तो आरामाचा दिवस. दोन बंदरांमागे एकच मोठी टूर हे प्रमाण आम्हाला बरोबर जमलं.

बरोबर काय न्यायचं ते पटकन. सनस्क्रीन खनिजवालं, झिंक ऑक्साइडचं, कारण यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, अरुबात पण ऑक्सिबेन्झोन चालत नाही. त्यापेक्षा मुलांना पूर्ण बाह्यांचे स्विमशर्ट घाला, क्रीम कमी लागतं. डॉलर बहुतेक सगळीकडे घेतात पण १, ५, १० च्या नोटा न्या, सुट्टे मिळत नाहीत. टॅक्सीत कार सीट नसते हे धरूनच चाला. जहाजावरची फळं, सँडविच बाहेर नेऊ देत नाहीत, पाकीटबंद खाऊ मात्र चालतो. टूरमध्ये जेवण असेल आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बुक करतानाच सांगा. जहाजावर फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा, समुद्रातल्या नेटवर्कचं बिल भयंकर येतं, आणि नकाशे आधीच ऑफलाइन डाउनलोड करा.

कागदपत्रं खरं तर तिकिटाच्या आधी बघायची. अमेरिकेतल्या एकाच बंदरातून निघून तिथेच परत येणाऱ्या क्रूझवर अमेरिकन नागरिकांना बऱ्याचदा जन्मदाखला आणि फोटो आयडी चालतो, तरी मुलांचा पासपोर्ट काढाच, कारण बोट सुटली किंवा कोणी आजारी पडलं तर परत विमानाने यायचंय. आई-बाबा भारतीय पासपोर्टवर येणार असतील तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री हवा, जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं ना. वर्क व्हिसावर असाल आणि पासपोर्टमधल्या व्हिसा स्टॅम्पची मुदत संपलेली असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका. प्रत्येक बंदराच्या देशाचे नियम तुमच्या पासपोर्टप्रमाणे तपासा. मुलाबरोबर एकच पालक किंवा फक्त आजी-आजोबा असतील तर न येणाऱ्या पालकांचं नोटराइज्ड संमतीपत्र ठेवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक कंपन्या घेतच नाहीत.

वादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, ऑगस्ट मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर जास्त. जहाज वादळाला टाळून जातं पण मग बंदरं बदलतात, कधी पूर्वेची क्रूझ पश्चिमेला वळते. या दिवसात जात असाल तर इन्शुरन्स आधीच घ्या, वादळाला नाव पडल्यावर घेतलेला त्या वादळासाठी कामाला येत नाही.

विमान एक दिवस आधीचं. यात काटकसर करू नका, फ्लाइट लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही. निघायच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावर पोर्टरकडे जातात आणि केबिनवर कधी संध्याकाळी येतात, म्हणून पासपोर्ट, औषधं, पोहण्याचे कपडे, बाळाचे डायपर खांद्यावरच्या बॅगेत, मुलं दुपारीच पूलमध्ये जायचं म्हणणार.

परतीला शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्याआधी प्रत्येकाचे सकाळचे कपडे आणि बूट बाजूला काढा, आमच्या थोरल्याचे बूट एकदा बॅगेतच गेले आणि तो सकाळी मोज्यांवर उतरला. बॅगा स्वतः ओढत उतरलात तर सगळ्यात लवकर सुटता येतं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर नाश्ता करून सावकाश उतरा आणि विमान दुपारी एकनंतरचं ठेवा. फोर्ट लॉडरडेलला एअरपोर्ट बंदराला अगदी खेटून आहे, मायामीलाही लांब नाही, पण पोर्ट कॅनाव्हेरलहून ऑर्लंडो एअरपोर्ट जवळपास तासभर आणि गॅल्व्हस्टनहून ह्यूस्टनचा मोठा एअरपोर्ट दीड तास, तिथे एकचं विमानही मला जरा घाईचंच वाटतं, दोननंतरचं घ्या.